गोंदियावाले काकाजींची मंडई

गोंदियात राहणाऱ्या माणसाला गोंदियातलेच लोक 'गोंदियावाले' म्हणायचे! नागपुरात कोणाला म्हटलं तर समजू शकते. पण जिथं समोरचा, बाजूचा, मागचा सगळेच गोंदियाचे, तिथं एकाच माणसाला हे नाव. मी पहिल्यांदा स्टेशनबाहेर पडून रिक्षावाल्याला पत्ता सांगू लागली, तर अर्ध्यातच तो म्हणाला, "गोंदियावाले काकाजी के यहाँ? बैठो." बस, पत्ता संपला.

मी इटियाडोहच्या कालव्याकडच्या गावातली. बारावी झाली अन् कॉलेजसाठी खोली पाहायला बाबांसोबत आली. काकाजी अंगणात लाउडस्पीकरचा भोंगा मांडीवर घेऊन फडक्यानं पुसत बसले होते, म्हणजे एखाद्या लेकराचं तोंड पुसावं तसे. बाबांनी भाडं विचारलं. काकाजींनी ते ऐकलंच नाही. माझ्याकडं पाहून म्हणाले, "पोरी, याच्या आधी गोंदियाले कायले आली होतीस?"

"गाडी बदलायले," मी म्हटलं. खरं तेच होतं. मामाकडं बालाघाटला जायचं तर इथं उतरून दुसरी गाडी धरायची.

काकाजींचा हातच थांबला. "सगळे गाडी बदलायलेच येतात. उतरतात, चहा पेतात, दुसऱ्या गाडीत बसतात. इथं गाव आहे म्हणून कोणी मान वर करून पाहत नाही."

आतून काकू ओरडल्या, "खोली देऊन राहिले का भाषण?"

खोली मिळाली. भाषण पण मिळालं, ते पुढं तीन वर्षं चालू होतं.

काकाजींचं बिछायत केंद्र होतं. मंडप, सतरंज्या, खुर्च्या, भात शिजवायची मोठमोठी गंजं, माईक, सगळं भाड्यानं देणं. अन् त्यांच्या खुर्च्या! खुर्च्यांचं सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येणार नाही. गोंदिया जिल्हा झाला १९९९ ला, त्याच्या आधी आपण सगळे भंडारा जिल्ह्यात, बरोबर? पण काकाजींच्या लोखंडी खुर्च्यांच्या पाठीवर त्याच्या कितीतरी आधीपासून पांढऱ्या रंगानं लिहिलेलं होतं, 'जिल्हा गोंदिया'. काकू सांगायच्या, एका लग्नात कोणी साहेब खुर्चीवर बसले अन् हसून म्हणाले, "काकाजी, हा जिल्हा आहे कुठं?" काकाजी म्हणाले, "तुम्ही ज्याच्यावर बसून राहिले ना साहेब, तोच." मग जिल्हा खरंच झाला. लोक पेढे घेऊन आले तर हे म्हणतात, "सरकारले जरा टाइम लागला."

अन् माईक. बाकीचे माईकवाले काय म्हणतात? हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, एक दोन तीन. काकाजी म्हणायचे, "हॅलो. आपण ज्या नगरीत विराजमान आहात, तिच्याविषयी दोन शब्द." घरी आमची इकडची झाडीबोली, पण माईक हातात आला की एकदम पुस्तकातली मराठी! दोन शब्दांत धानाच्या गिरण्या यायच्या, चिन्नोर तांदूळ यायचा, नागझिऱ्याचा वाघ यायचा, कचारगडची गुफा यायची. एका लग्नात मी स्वतः होती. नागपूरची वरात, मुहूर्त होऊन गेलेला, भटजी घामाघूम, अन् काकाजी माईकवर सारस पक्ष्यावर पोचलेले. नवरदेवाचा काका ओरडला, "अहो, लग्न लागू द्या आधी!" काकाजी शांतपणे म्हणाले, "सारस जन्मभर एकच जोडीदार ठेवतो, आणि तो आपल्या जिल्ह्यात राहतो. वराकडील मंडळींनी कृपया नोंद घ्यावी." सगळा मांडव हसला. नवरी तर अंतरपाटाच्या मागं इतकी हसली की तिच्या आईनं तिला चिमटा काढला.

स्टेशनवरून ते माणसं पण घेऊन यायचे. खरंच! कोणी प्लॅटफॉर्मवर बॅगेवर बसून दिसला की विचारायचे, "किती टाइम आहे गाडीले?" टाइम असला की त्याला स्कूटरवर बसवून धानाचा बाजार, तलाव, सगळं दाखवून आणायचे. रायपूरकडचा एक कपड्याचा व्यापारी असाच आला अन् त्याची गाडीच सुटून गेली. बिचारा आमच्या ओसरीत जेवत होता अन् म्हणत होता, "भाभीजी, मैं तो बस चाय पीने उतरा था." काकूंनी त्याच्या ताटात अजून भात वाढला अन् मला म्हणाल्या, "लोकं कुत्री-मांजरी उचलून आणतात, हा माणूस पॅसेंजर आणते."

मला सारखं वाटायचं, ह्यांना एवढं कायचं पडलं आहे? गोंदियाला चांगलं म्हटलं काय, वाईट म्हटलं काय, गाड्या तर थांबणारच. मी विचारायची पण. एकदा म्हणाले, "धंद्यासाठी." एकदा म्हणाले, "तुह्या काकूले पटवायले, ती बालाघाटची आहे." प्रत्येक वेळी नवीन उत्तर. खरं काय ते मला मंडईच्या वेळी थोडंसं समजलं. थोडंसंच हां, पूर्ण अजूनही नाही.

मंडई ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. शिंगाडे, ऊस, फुगे, पाळणे, अन् दुपारी दंडार, म्हणजे नाच, गाणी, सोंगं सगळं एकात, बाईचं काम पण माणूसच करतो. पण मेन गोष्ट पाहुणे. मंडईला लेकी माहेरी येतात, जावई येतात, मामा-भाचे येतात. आम्ही बौद्ध, आमच्या घरी लक्ष्मीपूजन नसते, पण मंडईला आमच्याकडं पाय ठेवायला जागा नसते. कारण मंडई कोण्या एकाची नसते, गावाची असते.

आता काकाजींना एकच मुलगी. मी तिला ताई म्हणते. ताईचं लग्न पुण्यात झालं होतं, अन् ती आली नव्हती, किती दिवाळ्या झाल्या तरी. भांडण वगैरे काही नाही. काकू एके दिवशी वांगे चिरता चिरता सांगू लागल्या, "दिवाळी सासरची. भाऊ नाही तिले, तं भाऊबीजेले कोणाकडं येणार? कारणच नाही यायले. अन् जावई म्हणतात, गोंदियात आहे काय?"

"मंडईले बोलवा ना मग," मी म्हटलं.

"मंडई गावात असते, माय. इथं कुठं आहे? इथले सगळे तं आपापल्या गावाले पळतात."

काकाजी दारातच उभे होते. कधी आले माहीत नाही. "गोंदिया गाव नव्हे काय?" ते म्हणाले.

काकू म्हणाल्या, "झालं. आता हे मंडई भरवतीन."

अन् भरवली! म्हणजे ठरवली तरी. आमची गल्ली अन् बाजूच्या दोन गल्ल्या. काकाजी घरोघरी गेले. मी पण सोबत, मला कसं राहवते! ते प्रत्येकाला एकच सांगायचे, "मंडप माझा, जेवण माझं, दंडार मी बोलावतो. तुम्ही फक्त आपापले पाहुणे बोलवा. लेकीले बोलवा, जावयाले बोलवा." लोक खूश. "बढिया काकाजी! गोंदिया की अपनी मंडई!" सगळ्यांनी खरंच आपापल्या गावी निरोप दिले. ताईला फोन लावला तर ती म्हणाली, "पाहते बाबा. ह्यांना विचारते." बस एवढंच. त्याच्यानंतर फोन वाजला की काकाजी जेवणावरून उठून जायचे, अन् कोणीतरी खुर्च्या मागत असायचा.

दिवस कोणता ठेवायचा, ह्याच्यावर तर त्यांनी एवढं डोकं लावलं की विचारू नका. स्कूटर घेऊन आजूबाजूच्या गावांत फिरले. भाऊबीजेपासून रोज कुठं ना कुठं मंडई. शेवटी एक दिवस सापडला, त्या दिवशी जवळपास कुठंच मंडई नव्हती. आदल्या दिवशी पुष्कळ गावांत होती, दुसऱ्या दिवशी पुष्कळ गावांत होती, पण मधला दिवस रिकामा. काकाजी घरी येऊन म्हणाले, "पहा, देवानं गोंदियासाठीच ठेवला होता." मला पण एकदम भारी वाटलं. कोणालाच त्यातली मेख दिसली नाही. आता लिहिताना मला इतकं स्पष्ट दिसते की हसू येते.

आमच्या गावची मंडई दोन दिवस आधीच झाली होती. मी त्या दिवशी पहिल्या बसनं गोंदियाला पोचली. गल्लीत शिरली तर शांत. एकदम शांत. मंडप लागला आहे, झालरी हलून राहिल्या, चुलीवर गंज चढलं आहे, अन् माणूस नाही. समोरच्या घराला कुलूप. बाजूच्या घराला कुलूप. मी पळत दुसऱ्या गल्लीत गेली, तिथं पण कुलूप.

लक्षात आलं का? आदल्या दिवशी सगळे आपापल्या गावच्या मंडईला गेलेले. दुसऱ्या दिवशी सासरच्या गावची मंडई. मधल्या एका दिवसासाठी लेकरंबाकरं घेऊन परत कोण येईल? सगळे तिकडंच थांबले. प्रत्येकाला वाटलं, आपण नसलो तर काय, बाकीचे आहेत ना, काकाजी आहेत ना. जन्मभर पाहुणे म्हणूनच मंडईला गेलेले लोक. यजमानाला घरी थांबावं लागते, हे कोणाच्या ध्यानातच नाही!

अन् पाहुणे? पाहुणे आले ना! ज्यांच्या गावच्या मंडया उरकल्या होत्या ते सगळे त्या दिवशी मोकळेच होते. ऑटो भरभरून येऊ लागले. नवीन लुगडी, तेल लावलेली पोरं, हातात करंज्यांचे डबे, अन् समोर कुलूप. समोरच्या घराच्या पायरीवर एक आजी बसली होती, पार सालेकसाकडून आलेली. ती मोठ्यानं बोलत होती, "बोलावलं अन् कुलूप लावून गेला गा माझा भाचा! वा रे शहर! वा रे गोंदिया!"

काकाजी मंडपाच्या खांबाला धरून उभे होते. चेहरा पांढरा. ज्या शहराचं नाव त्यांनी प्रत्येक लग्नात घेतलं, ते शहर कुलूप लावून निघून गेलेलं. अन् पुण्याकडची गाडी सकाळीच यायची होती, ती आली की नाही, ताई त्यात आहे की नाही, ते पण माहीत नाही. काकू म्हणाल्या, "आता काय करता? लेक येईन तं हेच पाहीन."

काकाजींनी खांब सोडला. माईककडं पाहिलं पण नाही. सरळ आजीच्या पायरीपाशी गेले, तिचा डबा उचलला अन् म्हणाले, "आजी, तुमच्या भाच्याले अर्जंट नागपूरले जावं लागलं. मले सांगून गेला, माह्या मावशीची व्यवस्था करजा. चला." पुढच्या घरी गेले, "तुमच्या जावयाच्या साहेबानं बोलावलं, ड्यूटी लागली. मले सांगून गेले." पुढच्या घरी, "तुमच्या भावाले दवाखान्यात भरती केलं, घाबरू नका, साधं पोट दुखते." मी मागं मागं, मला हसावं का रडावं समजेना. प्रत्येक कुलपाला एक कारण! पण कुलपं पुष्कळ अन् कारणं थोडी. मग ते सगळ्यांनाच दवाखान्यात टाकू लागले.

मंडपात पाहुणे बसले अन् एकमेकांशी बोलू लागले, दुसरं काय करतील? "तुमचा भाऊ कुठं आहे?" "दवाखान्यात." "आमचापण!" "आमचे साळेपण!" आजीनं हे सगळं ऐकलं अन् मंडपाच्या मधोमध उभी राहिली. "काऊन गा, अख्खं गोंदिया दवाखान्यात आहे काय?"

सगळे काकाजींकडं पाहू लागले. काकाजी तिच्यासमोर आले. टोपी काढली. "नाही आजी. सगळे आपल्या गावाले गेले. गोंदियाले पाहुणे घ्यायची सवय नाही अजून. शिकून राहिलं आहे."

आजीनं त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. "मंग जेवण कोण शिजवून राहिला?"

"मी अन् घरची."

"दोघं?" आजीनं पदर खोचला. "उठा वो बाया. इथं कोणी वाढून देणार नाही तुमाले."

अन् मग जे झालं ते! सालेकसाची आजी भात पाहून राहिली, आमगावची एक बाई काकूंच्या हातातून विळा घेऊन वांगे चिरून राहिली, माणसं पाणी आणून राहिली. हलक्या, म्हणजे लवकर निघणाऱ्या धानाचा नवा तांदूळ, आलू-वांग्याची भाजी, सगळीकडं वास. पाहुणेच यजमान.

ह्याच गडबडीत एक ऑटो येऊन थांबला अन् त्यातून ताई उतरली.

मी तिला फोटोतच पाहिलं होतं, तरी एका क्षणात ओळखलं, कारण कमरेवर हात ठेवून उभं राहायची स्टाइल काकूंचीच. मागून जावई, इस्त्रीचा शर्ट, बॅग हातात. गाडी लेट झाली होती. आता आमच्याकडं जावई म्हणजे काय असते! पाय धुवायला पाणी, बसायला पाट, तोंडावर हसू. इथं काकूंचे हात तिखटानं लाल, काकाजी चुलीपाशी धुरात, कोणाला पत्ताच नाही. अन् आजीनं त्या इस्त्रीच्या शर्टाकडं पाहून हाक मारली, "ए बाबू, रिकामा कायले उभा आहेस? ती बकेट धर अन् तिकडच्या पंगतीले भाजी वाढ."

जावयांनी इकडं तिकडं पाहिलं. बॅग खाली ठेवली. बाह्या वर केल्या. बकेट धरली.

काकूंनी पाहिलं तेव्हा जावयांची दुसरी पंगत वाढणं चालू होतं. "अवो!" काकू किंचाळल्या, "जावई वाढून राहिले! आग लागो तुमच्या मंडईले!" अन् बकेट हिसकावायला धावल्या. पण ताईनं त्यांना मधेच पकडलं अन् पोट धरून हसत म्हणाली, "वाढू दे, आई. घरी पाण्याचा ग्लास उचलत नाहीत."

आजीनं जावयांना विचारलं, "कोणत्या गावचा गा तू?"

"पुण्याचा."

"एवढ्या दूरून वाढायले आला?"

"हो ना आजी," जावई म्हणाले, "आमंत्रण होतं."

दुपारी दंडार झाली. सोंगाड्यानं गल्लीतली कुलपं पाहूनच घेतली होती. आल्या आल्या तो नाचत म्हणाला, "लय गावं पाहिली बापा, पण जिथं घरवाले बाहेर अन् पाहुणे घरात, असं गाव पहिल्यांदा पाहिलं!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घाबरून काकाजींकडं पाहिलं. ते सतरंजीवर, लोकांच्या मधे, ताईच्या बाजूला बसले होते. हसत होते. पण डोळे पुसतानाही दिसले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं अन् चुलीकडं बोट दाखवून, धूर लागला असा इशारा केला. चूल केव्हाची विझली होती.

संध्याकाळी पाहुणे गेले. मी विचारलं, "काकाजी, लोकांचा राग आला का?"

"कोणी उपाशी गेलं?"

"नाही."

"मंग," ते म्हणाले, अन् खुर्च्यांवर खुर्च्या रचू लागले. मला वाटलं, आता तरी काही बोलतील, गोंदियावर, त्या एवढ्या वर्षांच्या दोन शब्दांवर. नाही. तो एकच दिवस असा, ज्या दिवशी त्यांनी माईक लावलाच नाही.

ताई अन् जावई दोन दिवस राहिले. जावयांना काकाजींनी स्कूटरवर बसवून सगळं दाखवलं, ते काय सोडणार आहेत! निघायच्या दिवशी सगळे गल्लीच्या तोंडाशी उभे होतो, ऑटो चालू. ताई आत बसली अन् मान बाहेर काढून म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षीचा दिवस आताच सांगून ठेवा. दिवाळीत रिझर्वेशन मिळत नाही."

काकाजींनी ऑटोची दांडी धरली. मग म्हणाले, "मी कोण सांगणारा? मंडईचा दिवस गाव ठरवते."

"अन् गाव कुठं आहे? गाव तर कुलपं लावून गेलं!"

"येईन ना. आलं की विचारतो. मंग फोन करतो तुले."

ऑटो वळला. काकू डोळ्याला पदर लावून आत गेल्या. काकाजी तिथंच उभे राहिले, अन् मी पण, कारण मला पाहायचं होतं की हे आता काय करतात.

थोड्या वेळानं दुसरा ऑटो आला. समोरच्या घरचे. टोपल्या, पिशव्या, झोपलेली पोरं, सासरच्या मंडईचे फुगे. घरवाले भाऊ किल्ली काढत काढत उतरले, काकाजींना पाहिलं अन् चपापले. "काकाजी, सॉरी हां... वो क्या हुआ कि..."

"कुलूप नंतर उघडा," काकाजी त्यांचा किल्लीचा हात धरून म्हणाले. "तुमची मावशी आली होती. जेवून गेली, खूश होऊन गेली. आता पहिले हे सांगा, पुढच्या वर्षी कोणत्या दिवशी घरी आहा?"

भाऊ बायकोकडं पाहू लागले. मागून आणखी एक ऑटो गल्लीत शिरला, अन् काकाजींनी दुसरा हात वर करून त्याला पण थांबवलं.